घरचे जनित्र

पनवेल तालुक्यातील कोन हे गाव रायगड जिल्ह्यात आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले आणि जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी घरचे डिझेल जनित्र उपयोगी पडते. काही लोक ते हौसेने सांभाळतात.

जनित्र चालते कसे? डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. दट्ट्या हवा जोराने दाबतो, त्यामुळे ती खूप तापते. तिच्यात डिझेलचा फवारा उडताच ते पेट घेते. इंजिन फिरले, की त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. पुण्याची, १९४६ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी अशी इंजिने बनवते.

जनित्र नुसते ठेवून देऊ नका. सुरू करण्यापूर्वी ऑइलची पातळी पाहा. हवेची जाळी स्वच्छ ठेवा. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी शिरू देऊ नका. महिन्यातून एकदा दिवे, पंखे जोडून ते थोडा वेळ चालवा.

दोन गोष्टी मात्र कधीही विसरू नका. जनित्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून जनित्र घरात नव्हे, मोकळ्या जागेत, खिडक्यांपासून दूर ठेवा. दुसरे, चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तो नसेल तर तुमची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसतो. आपल्या घरात उजेड हवाच. पण तो कोणाच्या जिवावर बेतू नये.