वऱ्हाडच्या परसातील कडकनाथ

अमरावती आणि अकोला हे जिल्हे कापसाचे म्हणून ओळखले जातात. पऱ्हाटी, तूर, ज्वारी आणि १९८० नंतर झपाट्याने वाढलेले सोयाबीन यांच्या हिशेबात येथील शेतकऱ्याचे सारे वर्ष सरते. अंगणात हिंडणाऱ्या पाच-दहा कोंबड्यांचा हिशेब मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. तो घरातील बाईच्या हाती असतो, आणि मुलांच्या वह्या, आजारपण, पाहुण्यांची सरबराई असे कितीतरी खर्च त्यातूनच भागतात. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. अंड्याचा पैसा दर आठवडी बाजाराला येतो.

या परसात गेल्या काही वर्षांपासून कडकनाथ ही काळी कोंबडी दिसू लागली आहे. ती मूळची वऱ्हाडची नव्हे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर आणि धार या जिल्ह्यांत भिल्ल व भिलाला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात असून तेथे तिला ‘कालामासी’ म्हणतात. संकर आणि अनिर्बंध कत्तल यांमुळे ती दुर्मीळ होऊ लागली, तेव्हा १९७८ साली मध्य प्रदेश शासनाने झाबुआ येथे तिच्या पैदाशीचे केंद्र उघडले. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव झाबुआच्या उत्पादनाशी बांधलेले आहे, हे वऱ्हाडातील विक्रेत्यानेही ध्यानात ठेवावयास हवे. पक्षी पाळण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही. कोरड्या, डोंगराळ मुलखातील हा काटक पक्षी धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटात काय किंवा पूर्णाकाठच्या सपाटीवर काय, सावली आणि पाणी मिळाल्यास चांगला रुळतो.

कडकनाथाची पिसे, तुरा, चोच, पाय, कातडी, इतकेच काय, हाडांवरील पडदा आणि आतील अवयवही काळसर असतात. संपूर्ण काळा, सोनेरी छटेचा आणि पांढुरक्या रेघांचा असे तीन प्रकार त्यात आढळतात. रक्तही काळे असते ही समजूत खरी नाही. ते लालच असते. अंडेही काळे नसते, फिकट तपकिरी असते. मांसात चरबी कमी व प्रथिने भरपूर असतात हे खरे. परंतु ते अमुक रोगावर औषध आहे असे सांगून विकणाऱ्याच्या नादी लागू नये. वाढ सावकाश होते. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोपर्यंत जातो, तर कडकनाथाला किलो-सव्वा किलो भरण्यास सुमारे पाच महिने लागतात. मादी साधारण सहाव्या महिन्यात अंड्यावर येते आणि वर्षाला शंभराच्या आतबाहेर लहान अंडी देते. हे आकडे आधी समजून घेतले म्हणजे मोठ्या नफ्याच्या जाहिराती किती पोकळ आहेत हे कळते. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात कडकनाथाची पिले व खाद्य विकून पक्षी परत विकत घेण्याची हमी देणारी योजना कोसळली आणि अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची गुंतवणूक बुडाली. दोष कोंबडीचा नव्हता. एका खरेदीदाराच्या शब्दावर शेकडो पक्ष्यांचे शेड उभारण्याचा होता. परसातील दहा-वीस पक्ष्यांना असा धोका संभवत नाही.

अंडी उबवणे आणि पिलांची निगा

कडकनाथाची मादी अंड्यावर नीट बसत नाही. बसली तरी मध्येच उठून जाते. म्हणून घरची खुडूक झालेली गावरान कोंबडी हाताशी असणे आवश्यक ठरते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांतलीच घ्यावीत. घरातील उष्णतेने अंड्यातील गर्भ अर्धवट वाढू लागतो व मरतो, यासाठी ओल्या वाळूवर टोपली ठेवून तीत अंडी साठवावीत. सातव्या रात्री अंडे विजेरीच्या उजेडासमोर धरले असता आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ते फळले आहे असे समजावे. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या काळात अंडी बसवू नयेत हेच शहाणपणाचे.

आई नसलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करावी. तापमापक नसला तरी चालते. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी आहे, दूर पळून चोची उघडू लागली तर जास्त आहे, सर्वत्र विखुरली तर ठीक आहे. मेळघाटातील पौषाच्या रात्री वीज गेली तर विझलेल्या दिव्याखाली सारी पिले सकाळपर्यंत दगावतात, तेव्हा दुसरी सोय आधीच करून ठेवावी. कोळशाची शेगडी वापरल्यास धूर बाहेर जाण्यास वाट असलीच पाहिजे.

खुराड्यासाठी खर्च करण्याची गरज नाही. तुराट्यांचे कूड, वर पऱ्हाट्या-गवताचे छप्पर आणि रात्री रानमांजर व मुंगूस शिरू नये म्हणून बारीक जाळी एवढे पुरते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. काळ्या पिसांवर ऊन अधिक तापते. म्हणून वैशाखात कडुनिंबाची सावली, मातीच्या परळात दिवसातून दोन-तीनदा बदललेले गार पाणी आणि छपरावर ओली पोती यांची सोय हवी. दाणा पहाटे व सायंकाळी द्यावा, भर दुपारी नको.

वऱ्हाडात खाद्याची वाण नाही, पण येथील पिकांचे काही खोडेही आहेत. ज्वारीच्या कण्या उत्तम. कच्चे सोयाबीन मात्र घालू नये. त्यातील प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य भाजल्यावरच नष्ट होते. सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो, म्हणून ती अंड्यावरील पक्ष्यांना न दिलेली बरी. पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले रंगीत सरकीचे बी अंगणात सांडते आणि कोंबड्या ते टिपून मरतात. तसेच फवारणी झालेल्या पऱ्हाटीतील अळ्या खाऊनही विषबाधा होते. त्या दिवसांत पक्षी डालून ठेवावे लागतात. उलट, शेणात ओले पोते कोंबून मडके उकिरड्याजवळ पालथे घातले की रातोरात उधळी लागते आणि पिलांना फुकटचा सकस चारा मिळतो.

रोगांमध्ये मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा सर्वांत घातक. गावात तो शिरला की काटक म्हणवणारा कडकनाथही वाचत नाही. पिले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा व सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लसीची एक कुपी बहुधा शंभर मात्रांची असते, ती बर्फावर आणावी लागते आणि कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा पक्ष्यांच्या मालकिणीला हे एकटीने परवडत नाही. आळीतील आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवला तर साधते. या कामी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे साहाय्य घ्यावे. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. मेलेल्या पक्ष्याचे निदान हवे असल्यास तेथवर जाण्याचा कंटाळा करू नये.

जात शुद्ध राहील कशी?

पक्षी जगविणे एक आणि जात टिकविणे दुसरे. गावरान, गिरिराज आणि कडकनाथ एकाच अंगणात हिंडू लागले की दोन पिढ्यांत जात हरवते, आणि काळा रंग इथे डोळ्यांना फसवतो. काळेपणा वाढविणारा घटक प्रबळ असतो; त्याला रोखणारा दुसरा एक घटक लिंगगुणसूत्रावर असतो. तशाच काळ्या कातडीच्या ‘सिल्की’ कोंबडीवर प्रयोग करून बेटसन व पनेट या शास्त्रज्ञांनी १९११ साली याचा उलगडा केला. कडकनाथ कोंबडा आणि हा रोधक घटक असलेली गावरान कोंबडी यांच्या जोडीतून निपजलेल्या माद्या काळ्या दिसतात, नर मात्र फिके. मालक काळ्या तलंगा पाहून समाधान मानतो आणि त्यांनाच अस्सल समजून पुढे वाढवतो. म्हणून पैदाशीच्या काळात माद्या वेगळ्या कोंडून केवळ कडकनाथ नरच त्यांत सोडावा. दुसरा नर आधी फिरत असेल तर किमान तीन आठवडे गेल्याशिवाय उबवणीची अंडी धरू नयेत.

दुसरा धोका रक्तसंबंधाचा. एक नर व दहा माद्या एवढ्याच कळपातून पिढ्या चालवल्या तर दर पिढीस निकट-प्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. तीन नर व बारा माद्या ठेवल्यास ही वाढ सुमारे ५ टक्के, आणि दहा घरांनी मिळून दहा नर व शंभर माद्यांचा एक कळप मानून नरांची अदलाबदल केल्यास दीड टक्क्याहून कमी राहते. निकट-प्रजननाने अंडी फळत नाहीत, पिले मरतुकडी होतात आणि दोष नशिबाला दिला जातो.

नर निवडण्याची वेळही महत्त्वाची आहे. श्रावण लागण्यापूर्वी आखाडात कोंबड्यांना मोठी मागणी असते आणि सर्वांत वजनदार, तजेलदार नर आधी विकला जातो; पैदाशीला उरतो तो गिऱ्हाइकाने नाकारलेला. म्हणून ज्येष्ठ संपण्याआधीच तुरा, जीभ आणि पायाचा तळवा तपासून चांगले दोन-तीन नर निवडावेत, त्यांच्या पायात रंगीत कडे घालावे आणि कडेवाला कोंबडा कोणत्याही किमतीला द्यावयाचा नाही, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.