यंत्राचें वय : तारापूरच्या अणुवीजघराची निगा

आपल्या केंदुरांत सायंकाळीं दिवा लागतो, तेव्हां ती वीज कोणत्या वीजघरांतून आली हें कोणासही सांगतां येत नाहीं. कोयनेचें पाणी, चंद्रपूरचा कोळसा व तारापूरचें युरेनियम यांपासून निघालेली वीज एकाच जाळ्यांत मिसळते, आणि तिच्यावर कोणाचें नांव लिहिलेलें नसतें. पाणी व कोळसा यांविषयीं आपणांस थोडेंबहुत ठाऊक असतें. युरेनियमविषयीं मात्र बहुधा भीति असते, नाहीं तर नुसता अभिमान, माहिती क्वचितच. प्रस्तुत लेखांत अणुशक्तीची सर्व हकीकत सांगण्याचा विचार नाहीं. एकच प्रश्न घ्यावयाचा आहे. असें वीजघर जुनें झालें म्हणजे तें अजून चालविण्यायोग्य आहे किंवा नाहीं, हें कशावरून व कोणी ठरवावें?

अणुभट्टी म्हटली म्हणजे मोठें गूढ वाटतें, तरी तिचें मुख्य काम साखर कारखान्यांतील बॉयलरासारखेंच आहे. बॉयलरांत उसाचें चिपाड जळतें, पाण्याची वाफ होते, व त्या वाफेच्या जोरानें चाकें फिरतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत चिपाडाच्या ठिकाणीं युरेनियम भरलेल्या कांड्या असतात. युरेनियमचे अणु फुटतात, त्यांतून उष्णता निघते, आणि जाड पोलादी पात्रांतील पाणी सुमारें २८५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापून त्याची वाफ होते. पात्राच्या आंतील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारें ७० पट असतो. ती वाफ चाकें फिरविते, मग समुद्राच्या पाण्यानें गार होऊन पुनः पाण्याच्या रूपानें भट्टीकडे परतते. भेद आहे तो असा, कीं चिपाडाची आग विझवितां येते. परंतु अणूंचें फुटणें थांबविलें तरी युरेनियमच्या कांड्यांतील ऊब पुष्कळ दिवस उरते, आणि ती निवेपर्यंत पाणी खेळतें ठेवावेंच लागतें. तें खेळतें राहिलें नाहीं म्हणजे काय होतें, हें ११ मार्च २०११ रोजीं जपानांतील फुकुशिमा येथें जगानें पाहिलें. भूकंप होतांच चालू भट्ट्या बंद पडल्या, येथपर्यंत सर्व योजनेप्रमाणें झालें. परंतु मागून आलेल्या समुद्राच्या लाटेनें पंप चालविणारी वीजच नाहींशी केली. म्हणून अणुवीजघरांतील एखाद्या नळीचें किंवा तारेचें वय हा केवळ तेथील कारागिरांच्या काळजीचा विषय राहत नाहीं.

तारापूर हें पालघर जिल्ह्यांत, मुंबईच्या उत्तरेस सुमारें १०० किलोमीटरांवर, अरबी समुद्राच्या कांठीं आहे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें तेथें दोन भट्ट्या उभारून दिल्या, व २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्या रीतसर वीज पुरवूं लागल्या. अणुशक्तीपासून व्यापारी प्रमाणावर वीज काढण्याचा भारतांतील हा पहिलाच प्रसंग होता. ज्यांनीं हें कार्य आग्रहानें पुढें नेलें ते डॉ. होमी भाभा १९६६ सालीं विमानाच्या अपघातांत निवर्तले. त्यांस तो दिवस पाहावयास मिळाला नाहीं. प्रत्येक भट्टीची शक्ति आरंभीं २१० मेगावॅट होती. पुढें दुय्यम वाफ करणाऱ्या यंत्रांच्या नळ्या गळूं लागल्यामुळें तीं यंत्रें बाजूस काढावीं लागलीं, व भट्टीची शक्ति १६० मेगावॅटवर आणण्यांत आली. उतारवयाच्या बैलास शेतकरी नांगरास न जुंपतां हलक्या कामास लावतो, त्यांतलाच हा प्रकार. याच आवारांत २००५ व २००६ सालीं प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्या भारतीयांनीं बांधल्या असून निराळ्या जातीच्या आहेत.

आतां म्हातारपण कशास म्हणावयाचें? मनुष्य सर्व अंगांनीं एकदम म्हातारा होत नाहीं. कोणाचे गुडघे आधीं जातात, कोणाची दृष्टि. यंत्राचेंही तसेंच आहे. जें अंग बदलतां येतें त्याची चिंता कमी. पंप बदलतो, झडप बदलते, तार नवी ओढतां येते. परंतु युरेनियम ज्यांत असतें तें पोलादी पात्र बदलण्याचा विचार कोणी करीत नाहीं. तें गेलें म्हणजे वीजघरच गेलें. या पात्रावर वर्षानुवर्षें न्यूट्रॉन नांवाच्या अतिसूक्ष्म कणांचा मारा होत असतो. त्यानें पोलाद अधिक कठीण होतें, पण त्याबरोबर ठिसूळही होतें. नवें पोलाद ताण पडला असतां थोडें लवतें. ठिसूळ झालेलें पोलाद, विशेषतः तें थंड असतांना, काचेसारखें तडकण्याचें भय असतें.

यावर योजकांनीं एक फार शहाणपणाची युक्ति करून ठेविली आहे. ज्या पोलादाचें पात्र घडविलें त्याच पोलादाचे लहान लहान तुकडे प्रारंभापासून पात्राच्या आंत टांगून ठेवितात. ठराविक वर्षांनीं त्यांतील कांहीं बाहेर काढून त्यांवर जड लंबकाचा घाव घालितात, आणि तुकडा मोडतांना त्यानें किती जोर खाल्ला तें मोजितात. पात्रास धक्काही न लागतां पात्राची प्रकृति अशी कळते. हे तुकडे बहुधा भिंतीपेक्षां इंधनाच्या अधिक जवळ असतात. त्यामुळें त्यांस मार अधिक बसतो व ते भिंतीच्या आधीं म्हातारे होतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. मात्र येथें शीत भाताच्या आधीं शिजतें, आणि पुढें काय होणार तें आजच सांगून ठेवतें.

नळ्यांची गोष्ट वेगळी आहे. पात्रांतील पाणी फिरतें ठेवणाऱ्या जाड नळ्या न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात, आणि नांवावरून कोणासही वाटेल कीं त्यांस काय होणार? परंतु दोन नळ्या वितळवून सांधतांना सांध्याच्या लगतच्या धातूचे कण त्या आंचेनें बिघडतात. तेथें ताण असला, व ऑक्सिजन मिसळलेलें कढत पाणी सतत वाहत राहिलें, म्हणजे कणाकणांच्या मधून केसासारखे बारीक तडे जाऊं लागतात. या जातीच्या भट्ट्यांस ही व्याधि अनेक देशांत जडली. तडा आंतून जातो, म्हणून डोळ्यांस दिसत नाहीं. मग तो शोधावयाचा कसा? कुंभाराकडून मडकें घेतांना आपल्या आया त्यावर टिचकी मारून कान देतात. मडकें खणखणलें तर घेतात, बद्द वाजलें तर परत ठेवितात. दौंडसारख्या जंक्शनांत गाडी उभी राहिली म्हणजे हातोडीवाला मनुष्य चाकाचाकावर ठोका मारीत जात असे, तोही हेंच करी. अणुवीजघरांत टिचकीच्या ठिकाणीं मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा सूक्ष्म ध्वनि धातूंत सोडितात. वाटेंत तडा असला तर तेथून प्रतिध्वनि उलटतो, आणि त्यावरून तडा कोठें आहे व किती खोल आहे तें कळतें.

याखेरीज तारांवरील वेष्टणें उष्णतेनें व किरणोत्सर्गानें कडक होऊन तडकतात. समुद्रावरील खारी हवा काँक्रीटमध्यें शिरून आंतील लोखंडी सळया गंजविते. एक व्याधि तर अशी आहे कीं ती यंत्रास न होतां बाजारास होते. पन्नास वर्षांपूर्वींचा सुटा भाग आज कोणी करीतच नाहीं. १९७४ सालच्या पोखरणच्या स्फोटानंतर अमेरिकेचें साहाय्य आटलें, तेव्हां हा अनुभव तारापूरच्या मंडळीस फार लवकर आला, व पुष्कळ वस्तु त्यांस येथेंच घडवून घ्याव्या लागल्या. माझ्या मतें ती अडचणींतून मिळालेली शिक्षाच होती. ज्यानें भाग स्वतः घडविला त्यास त्याचें दुखणेंही लवकर कळतें.

हें सर्व ठीक. पण जें तपासण्याच्या यादींतच नाहीं त्याचें काय? जपानांतील मिहामा येथील वीजघराची तिसरी भट्टी १९७६ सालीं सुरू झाली. तेथें वाफेच्या चाकांच्या इमारतींत गरम पाण्याची एक नळी होती. पाणी जोरानें वाहून वाहून तिची भिंत आंतून झिजत गेली. आरंभीं ती १० मिलिमीटर जाड होती, ४.७ मिलिमीटरांहून कमी होऊं देऊं नये असा नियम होता. परंतु तपासणीच्या यादींत ती जागा लिहावयाचीच राहून गेली, आणि २८ वर्षें तिकडे कोणी पाहिलें नाहीं. चूक २००३ सालीं ध्यानांत आली, व पुढील वर्षाच्या ऑगस्टमधील नेहमींच्या तपासणींत ती जागा पाहावयाचें ठरलें. ९ ऑगस्ट २००४ रोजीं, तपासणीस थोडेच दिवस उरले असतां, नळी फुटली. तपासणीच्याच तयारीसाठीं आलेले मजूर त्या इमारतींत होते. कढत वाफेनें भाजून ५ जण मरण पावले व ६ जखमी झाले. नळी फुटली त्या ठिकाणीं तिची जाडी १.४ मिलिमीटर उरली होती. किरणोत्सर्ग मुळींच बाहेर पडला नाहीं. म्हणून अणुशक्तीच्या अपघातांत या प्रसंगाचें नांव फारसें घेत नाहींत. मला मात्र तो फार बोधप्रद वाटतो. ती नळी साधी पोलादाची होती, तिची झीज मोजणें कठीण नव्हतें, आणि बदलणेंही कठीण नव्हतें.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील ओहायो प्रांतांतील डेव्हिस-बेस वीजघराचें आहे. तेथें हवा गाळणाऱ्या गाळण्या गंजाच्या धुळीनें वारंवार तुंबूं लागल्या. तुंबलेली गाळणी काढावी व नवी बसवावी, असा क्रम चालला. एवढा गंज येतो कोठून, याचा शोध मात्र वेळेवर घेतला गेला नाहीं. २००२ सालीं पात्राचें झांकण तपासलें तेव्हां आम्लयुक्त पाणी झिरपून सहा इंच पोलाद खाल्लें गेल्याचें आढळलें. आंतील पातळ अस्तर तेवढें दाब सांभाळून होतें.

लोक बहुधा असें समजतात कीं अणुवीजघराचें आयुष्य ४० वर्षें असतें आणि त्यानंतर तें मोडकळीस येतें. हा ४० चा आंकडा अमेरिकेच्या १९५४ सालच्या कायद्यांतील परवान्याच्या मुदतीचा आहे, आणि ती मुदत भांडवलाची फेड व व्यापारांतील मक्तेदारी यांचा विचार करून घातलेली होती. पोलादाची परीक्षा घेऊन नव्हे. एकेचाळिसावें वर्ष लागतांच भट्टी धोक्याची होते असें नाहीं, आणि एकोणचाळिसाव्या वर्षीं ती निर्धोक असते असेंही नाहीं. मिहामाची नळी फुटली तेव्हां भट्टीचें वय २८ होतें.

तारापुरांत याविषयीं काय झालें तें आतां पाहूं. आपल्या देशांत अशा वीजघरांवर देखरेख करण्यासाठीं १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. परवाना ठराविक मुदतीपुरता देणें, व दर १० वर्षांनीं सर्व अंगांची नव्यानें झडती घेणें, अशी त्याची पद्धति आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या तिशीस आल्या तेव्हां, २००० सालापासून, मंडळानें त्यांची विस्तृत चिकित्सा आरंभिली. यंत्राचा कोणता भाग किती झिजला एवढेंच न पाहतां, १९६० च्या सुमारास आंखलेली ही योजना नव्या काळच्या नियमांस कोठवर उतरते हेंही पाहिलें गेलें. तीं उणीं भरून काढण्यासाठीं २००५ च्या अखेरीस भट्ट्या बंद ठेवून, बाहेरची वीज गेली असतां चालणारीं मोठीं डिझेल यंत्रें नवीन बसविलीं. दोन्ही भट्ट्यांस सामाईक असलेली विजेची व्यवस्था शक्य तेथें वेगळी केली. मुख्य नियंत्रणगृह निरुपयोगी झाल्यास उपयोगी पडावें म्हणून दुसरें नियंत्रणगृह केलें. २००६ च्या आरंभीं भट्ट्या पुनः सुरू झाल्या. फुकुशिमाच्या अनर्थानंतर पुनः झडती झाली, व सर्वच वीज गेली तरी बाहेरून पात्रांत पाणी घालतां यावें अशी जोडणी करण्यांत आली. पुढें २०२० सालीं दोन्ही भट्ट्या थांबविण्यांत आल्या, आणि वर सांगितलेल्या तड्यांमुळें पाणी फिरविणाऱ्या त्या जाड नळ्या काढून त्यांच्या जागीं तड्यांस कमी बळी पडणाऱ्या पोलादाच्या नळ्या घालण्याचें मोठें काम हातीं घेण्यांत आलें.

असें काम खर्चाचें असतें, आणि भट्टी बंद असतां वीजही मिळत नाहीं. म्हणूनच "थांबा" म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे तो वीज विकणाऱ्याच्या दडपणाखालीं नसावा. भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१२ सालच्या अहवालांत नेमका हाच दोष दाखविला होता. नियामक मंडळास त्या वेळीं कायद्यानें स्वतंत्र स्थान नव्हतें, त्याचे अधिकार सरकारनें सोंपविलेले होते. पालकांस हा कोरडा कायदेशीर वाद वाटेल, पण बाकीचा सर्व मजकूर यावर अवलंबून आहे. वीजघराच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या मनुष्यास ध्वनियंत्र लावून नळी तपासतां येत नाहीं. त्यास कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांतील लोकांस आपलीं घरेंही सोडावीं लागलीं होतीं.

थांबविण्याचा निर्णय आपल्या देशांत झालाच नाहीं असें नाहीं. राजस्थानांत रावतभाटा येथील पहिली भट्टी १९७३ सालीं सुरू झाली. तिच्या टोंकाकडील कवचास तडे गेल्यामुळें तिची शक्ति कमी करावी लागली, व २००४ सालानंतर ती वीज देईनाशी झाली. तिच्याच शेजारच्या दुसऱ्या भट्टीच्या मात्र आंतील सर्व नळ्या बदलून तिला पुनः कामास लाविलें.

तारापूरच्या पहिल्या जोडीबरोबरच, १९६९ सालच्या डिसेंबरांत, अमेरिकेंत याच कंपनीच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या होत्या. न्यूजर्सीमधील ऑयस्टर क्रीक व न्यूयॉर्क प्रांतांतील नाइन माइल पॉइंट. दोघी समवयस्क. नाइन माइल पॉइंटला २०२९ पर्यंतचा परवाना मिळाला आहे. ऑयस्टर क्रीक २०१८ च्या सप्टेंबरांत कायमची बंद झाली. तिचीं चाकें थांबलीं, तरी तिच्यांतून निघालेलें जळकें इंधन पोलाद व काँक्रीटच्या पेट्यांत भरून तेथेंच ठेविलेलें आहे, आणि त्यावर पहारा आहे.