कॅसिनोत जाताना खिसा कसा सांभाळाल?

पणजी, प्रतिनिधी : मांडवीच्या पात्रातील तरंगत्या कॅसिनोंकडे नेणारी छोटी बोट पणजीच्या धक्क्यावरून सुटते, तेव्हा तीत मुंबई-पुण्याकडची मंडळी असतातच. महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६ मध्ये कायदा झाला होता. मात्र तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे हौस भागवायची तर गोवा गाठणे आलेच. अशा ठिकाणी अनेकांना भीती वाटते ती पाकीटमाराची. प्रत्यक्षात खिसा रिकामा होतो तो टेबलावर, तोही सर्व नियम पाळून.

प्रवेशासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात व ओळखपत्र दाखवावे लागते. गोव्यातील रहिवाशांना फेब्रुवारी २०२० पासून खेळण्यास मनाई आहे. प्रवेश शुल्कात बहुधा जेवणखाण, मद्य आणि काही चिप्स अंतर्भूत असतात. या ‘फुकट’ चिप्स बरेचदा केवळ खेळण्यापुरत्या असतात. त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. कोणत्या चिप्स परत करता येतील, हे काउंटरवर आधीच विचारून घ्यावे.

करांचा हिशेब मात्र फारच थोडे पाहुणे करतात. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण खरेदी रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. उरलेल्या चिप्स परत केल्या तरी करआकारणीची रक्कम कमी होत नाही. हा कर कॅसिनो सोसतो की पाहुण्याकडून घेतो, याची चौकशी खरेदीपूर्वीच केलेली बरी. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर आहे. त्यातून हरलेली रक्कम वजा होत नाही. म्हणजे शनिवारी ५० हजार जिंकून रविवारी ६० हजार गमावणाऱ्याला पदरचे १० हजार गेल्यावरही ५० हजारांवर कर भरावा लागतो!

आता खेळाचे गणित पाहू. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चक्रावर ३७ खाने असतात, पण एका आकड्यावर लावलेल्या पैशांचे फळ ३५ पट मिळते. यातून कॅसिनोच्या वाट्याला सरासरी २.७ टक्के राहतात. आकडा किरकोळ भासतो; मात्र तो खिशातल्या रकमेवर नव्हे, तर टेबलावर लावलेल्या एकूण रकमेवर मोजायचा असतो. दर डावाला ५०० रुपये आणि तासाला ४० डाव धरले, तर १० हजार घेऊन बसलेला माणूस तासाभरात २० हजार लावतो आणि सरासरी सुमारे ५४० रुपये गमावतो. चक्रावर दोन शून्ये असतील तर नुकसान जवळजवळ दुप्पट. रात्रभर बसणाऱ्याने तास मोजावेत.

म्हणून रक्कम ठरवायची ती बोटीत चढण्यापूर्वी, आणि संपूर्ण गेली तरी घरखर्चाला, मुलांच्या शुल्काला किंवा कर्जाच्या हप्त्याला धक्का लागणार नाही अशी. तेवढीच रोकड जवळ ठेवून क्रेडिट कार्ड हॉटेलच्या तिजोरीत ठेवावे. क्रेडिट कार्डावर रोख काढल्यास शुल्क पडतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते. डेबिट कार्डाची व्यवहारमर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून कमी करता येते. रिझर्व्ह बँकेने ही सोय बँकांना बंधनकारक केली आहे. यूपीआयला मोजकी शिल्लक असलेले खाते जोडावे. पहाटे दोन वाजता, दोन पेले पोटात असताना, ‘गेलेले भरून काढू’ हा विचार अत्यंत तर्कशुद्ध वाटतो. त्या वेळी हाताशी दुसरे कार्ड नसलेलेच बरे. अनोळखी माणसाकडून उसने पैसे तर मुळीच घेऊ नयेत.

जिंकल्यास चिप्स परतीच्या बोटीपूर्वीच वटवाव्यात. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे. त्याहून लहान, पण मोठी वाटणारी रक्कमही बँकेमार्फत मागावी. अपरात्री नोटांची पुडकी घेऊन टॅक्सी शोधण्याची वेळ येत नाही. चिप्स खरेदीच्या पावत्या आणि करकपातीचा दाखला जपून ठेवावा. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना त्यांची गरज पडते.