मेंदूंतील गांठ आणि किरणांचा नेम

१८९५ सालीं राँटगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांचा शोध लाविला, आणि पुढच्याच वर्षापासून ते रोगावर वापरून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. ह्या किरणांच्या अंगीं एक मोठा गुण आहे आणि तोच त्यांचा दोषही आहे. कातडी न कापतां व हाड न फोडतां ते आंत शिरतात. परंतु जातां जातां वाटेंतील निरोगी भागासही रोगट भागाप्रमाणेंच झळ लावितात. शरीराच्या इतर ठिकाणीं ही झळ थोडीफार सोसते. मेंदूचें तसें नाहीं. तेथें दृष्टीची नस, स्मरणाचें केंद्र आणि वाढीचे रस स्रवणारी पीयूषिका ग्रंथी हीं सारीं थोडक्या जागेंत दाटीनें नांदत असतात. रोगाला गांठावयाचें आणि शेजाऱ्याला वांचवावयाचें, हाच मेंदूवरील किरणोपचारांतला खरा प्रश्न होय.

स्वीडनमधील शस्त्रवैद्य लार्स लेक्सेल ह्यांनीं १९५१ सालीं ह्यावर एक युक्ति मांडली. सातारा-सांगलीकडील श्रोत्यांना ती समजावयास कृष्णेचें उदाहरण पुरेसें आहे. माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि हरिपुरास वारणा कृष्णेला मिळते. प्रत्येक प्रवाह वेगळ्या गांवांवरून येतो; संगमावर मात्र साऱ्यांच्या पाण्याचा जोर एकवटतो. लेक्सेल ह्यांनीं किरणांचें असेंच केलें. एकच प्रखर झोत सोडण्याऐवजीं अनेक क्षीण किरण निरनिराळ्या दिशांनीं डोक्यांत सोडावयाचे व त्यांचा संगम नेमका रोगाच्या जागीं घडवावयाचा. वाटेंतल्या भागास अल्प मात्रा, संगमावर भरपूर. फरक इतकाच, कीं नद्या एक होऊन पुढें वाहतात, किरण मात्र एकमेकांस छेदून आपापल्या वाटेनें निघून जातात.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोम येथें उभारलेल्या त्यांच्या पहिल्या यंत्रांत कोबाल्ट-६० ह्या किरणोत्सर्गी धातूचे १७९ उगम होते. अलीकडच्या यंत्रांत १९२ असतात. ‘गॅमा नाइफ’ असें त्याचें नांव असलें, तरी त्यांत पातें कोठेंच नाहीं. कानाच्या नसेवरील लहान गांठ, मेंदूंतील रक्तवाहिन्यांचा गुंता, चेहऱ्याच्या नसेची असह्य कळ अशा विकारांवर बहुधा एकाच बैठकींत हा उपचार होतो. फळ मात्र लागलेंच दिसत नाहीं. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद होण्यास दोन-तीन वर्षेंही लागतात. शिवाय गांठ सुमारें तीन सेंटिमीटरांहून मोठी असली, कीं आसपासच्या भागांतही अधिक मात्रा झिरपूं लागते, आणि एका बैठकीची मात्रा कमी करावी लागते.

मोठ्या गांठीसाठीं, विशेषतः लहान मुलांत, मात्रा अनेक दिवसांत वाटून देतात. कारण दोन बैठकींच्या मधल्या वेळांत निरोगी पेशी आपली डागडुजी रोगट पेशींपेक्षां अधिक चांगली करितात. त्याच्या जोडीला किरणांची सीमाही गांठीच्या आकाराबरहुकूम आंखडून घेतात. परंतु येथें एक रास्त शंका उभी राहते. सीमा आंखडली म्हणजे रोगाचा एखादा अंश बाहेर राहून गांठ पुन्हां वाढणार नाहीं काय?

ह्या शंकेचें भक्कम उत्तर आपल्या मुंबईंत मिळालें. टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. राकेश जलाली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ ते २०१२ ह्या काळांत ३ ते २५ वर्षें वयाचे २०० रुग्ण ह्या अभ्यासासाठीं घेतले. त्यांच्या गांठी सौम्य अथवा सावकाश वाढणाऱ्या होत्या. अशा मुलांस दीर्घ आयुष्य लाभण्याचा संभव मोठा, आणि म्हणूनच उपचाराचा डाग जन्मभर बाळगावा लागण्याची भीतिही मोठी. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. मात्रा दोघांनाही तीच, सहा आठवड्यांत ३० बैठकी मिळून ५४ ग्रे. एका गटास ती रूढ पद्धतीनें दिली. दुसऱ्यास डोकें काटेकोर स्थिर करून अरुंद सीमेंत दिली. निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. पांच वर्षांअखेर जगण्याच्या प्रमाणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. परंतु अरुंद सीमेच्या गटाची बुद्धिमापनांतील कामगिरी सरस राहिली, आणि ग्रंथिरसांचा नवा बिघाड ५१ टक्क्यांऐवजीं ३१ टक्क्यांत आढळला. मूल शाळेंत पुढें जाईल काय, त्याची उंची वाढेल काय, ह्या आईबापांच्या चिंतेशीं ह्या आंकड्यांचा थेट संबंध आहे. अर्थात् ३१ टक्के हें प्रमाणही थोडें नव्हे. तेव्हां काम संपलें असें कोणी मानूं नये.

प्रौढांच्या बाबतींतही हेंच तत्त्व उपयोगी पडलें आहे. अन्य अवयवांतील कर्करोग मेंदूंत पसरला, कीं कधीं कधीं संपूर्ण मेंदूवर किरण द्यावे लागतात. अशा वेळीं स्मरणाच्या केंद्राची जागा शक्य तितकी टाळल्यास आयुष्यमानास बाध न येतां बुद्धीची हानि कमी होते, असें अमेरिकेंतील अभ्यासांत २०२० सालीं दिसून आलें.

नेम जितका सूक्ष्म, तितकी चुकीस जागा कमी. अरुंद सीमेंत डोकें दोन-तीन मिलिमीटर हललें, तरी गांठीचा कांहीं भाग सुटूं शकतो व शेजारची नस तडाख्यांत सांपडूं शकते. म्हणून चेहऱ्यावर ठीक बसणारा मुखवटा किंवा कवटीस बसविलेली चौकट, एम.आर.आय. व सी.टी. ह्या चित्रांची जुळणी, आणि बैठकीपूर्वीं पुन्हां घेतलेलें चित्र ह्यांना किरणाइतकेंच महत्त्व आहे. प्रोटॉनचा मार्ग निराळा आहे. हे कण ठरविलेल्या खोलीवर आपली बहुतेक शक्ति टाकून थांबतात व पलीकडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील शाखेंत २०२३ पासून हा उपचार होऊं लागला.

१८९४ सालीं डॉ. वॉनलेस ह्यांनीं मिरजेस रुग्णालय काढलें, तेव्हांपासून ह्या टापूंतील कितीतरी रुग्णांची वाट मिरजेकडे वळली आहे. किरणोपचाराची सोय आज मिरजेंत व कऱ्हाडांतही आहे. पण कांहीं विशेष उपचारांसाठीं पुणें-मुंबई गांठावी लागते, आणि ३० बैठकी म्हणजे दीड महिन्याचें बिऱ्हाड. म्हणून निघण्यापूर्वींच डॉक्टरांस चार प्रश्न विचारून घ्यावेत. उपचार एका बैठकीचा कीं अनेक? गांठीच्या शेजारीं कोणता नाजूक भाग आहे? डोकें स्थिर कसें ठेवणार? नंतर दृष्टीची, स्मरणाची व ग्रंथिरसांची तपासणी केव्हां केव्हां करावयाची? किरणांमुळें येणारी सूज कित्येक महिन्यांनींही उद्भवते. तेव्हां घरीं परतलों म्हणजे सुटलों, असें समजूं नये. त्याचप्रमाणें अमुकच यंत्र हवें म्हणून तज्ज्ञांचा सल्ला डावलून उपचार लांबणीवर टाकणेंही धोक्याचें आहे. प्रत्येक गांठीस सर्वांत नवें यंत्र लागतेंच असें नाहीं. तिचा आकार, तिची जात आणि तिचा शेजार पाहूनच उपचार ठरतो.