मॅलरी व आयर्विन शिखरावर पोचले होते काय?

पावसाळ्यात राजहंसगडावर ढग उतरला की गड दिसेनासा होतो. दि. ८ जून १९२४ रोजी एव्हरेस्टवर असाच ढग आला. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ओडेल यांना वर चढणाऱ्या दोन आकृती क्षणभर दिसल्या, आणि मग पडदा पडला. जॉर्ज मॅलरी (वय ३७) व अँड्र्यू आयर्विन (वय २२) परतले नाहीत. मॅलरी एके काळी शाळेत शिक्षक होते, म्हणून आम्हां शिक्षकांना या गोष्टीची ओढ अंमळ अधिक.

ते शिखरावर पोचले असतील, तर हिलरी व तेनसिंग यांच्या १९५३ च्या विजयाआधी २९ वर्षे!

१९९९ साली मॅलरी यांचा देह सापडला. कमरेस तुटका दोर होता. हिमचष्मा खिशात होता. तेव्हा ते अंधार पडल्यावर उतरत असावेत, असे एक पक्ष म्हणतो. शिखरावर ठेवावयाचे पत्नीचे छायाचित्रही देहाजवळ नव्हते. हा पुरावा मला दुबळा वाटतो. नसलेली वस्तू साक्ष कशी देणार? दुसरा पक्ष 'दुसरी पायरी' या उभ्या कड्याकडे बोट दाखवितो: त्या काळच्या साधनांनी तो चढवला असता काय? स्वतः ओडेलही आपण पाहिलेल्या जागेविषयी पुढे साशंक झाले.

२०२४ साली खालच्या हिमनदीवर आयर्विन यांचे नाव शिवलेला मोजा बुटासह मिळाला. बरोबर नेलेला कॅमेरा मात्र अद्याप मिळालेला नाही; शिखराचे चित्र असलेच, तर ते त्यातच असावयाचे.