तळ्याकाठची संध्याकाळ कोणाची?

६ ऑक्टोबर २०२४ रोजी सिकंदराबाद ते वास्को ही आठवड्यातून दोनदा धावणारी आगगाडी सुरू झाली आणि हैदराबाद गोमंतकाच्या आणखी जवळ आले. तिकडची मंडळी इकडे कशासाठी येतात हे सांगावयास नको. समुद्र आहे, मासळी आहे, मद्य आहे आणि मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटी आहेत. त्यांच्या राज्यात जुगाराला कायद्याने बंदी असल्यामुळे या शेवटच्या आकर्षणाचे त्यांना विशेष अप्रूप. इकडून तिकडे जाणारे बहुधा नोकरीनिमित्त जातात. हायटेक सिटीतल्या काचेच्या इमारतींत आज आपलीही मुले बसलेली आहेत. त्यांना भेटावयास जाणारे आईबाप चारमिनार पाहतात, लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांचा भाव करतात आणि संध्याकाळ झाली की हुसेन सागरावर जातात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही त्याच वाटेने गेलो होतो. नदीकाठी करमणुकीची पेठ उभारण्याची भाषा आपल्याकडेही अधूनमधून उसळी घेत असल्यामुळे, तेथे जे पाहिले ते वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे तळे हैदराबाद शहराहून वयाने मोठे आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२-६३ च्या सुमारास, हुसेन शाह वली यांच्या देखरेखीखाली ते बांधले गेले. मुसी नदीचे पाणी कालव्याने आणून त्यात सोडण्यात आले. शहर वसले ते त्यानंतर, १५९१ साली. म्हणजे चारमिनारची पायाभरणी झाली तेव्हा या बंधाऱ्यावर एक पिढी फिरून गेलेली होती. पुढे उत्तरेला इंग्रजांची छावणी पडली आणि १८०६ पासून तिला सिकंदराबाद हे नाव मिळाले. निजामाचे शहर आणि गोऱ्यांची छावणी यांना जोडणारा रस्ता या बंधाऱ्यावरून जाऊ लागला. वाटेवर वारा होता, पाणी होते, मावळता सूर्य समोर होता. माणसे थांबू लागली. ही करमणुकीची जागा कोणी आखली नाही. पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी अडविले आणि संध्याकाळ वरकड मिळाली!

आज या तळ्याची प्रदक्षिणा केली तर एकाच पाण्याच्या काठी दोन निरनिराळी गावे भेटतात. पूर्वेला जुना बंधारा, म्हणजे टँक बंड. दक्षिणेकडून लुंबिनी उद्यान, एन. टी. आर. उद्यान, २००३ साली सुरू झालेले ‘प्रसाद्स’ हे भव्य पडद्याचे चित्रपटगृह आणि त्यातील दुकाने, मग पश्चिम काठाने वळसा घेत जाणारा नेकलेस रोड, त्यावरील ‘ईट स्ट्रीट’ नावाची खाऊगल्ली, पुढे जलविहार आणि अगदी उत्तरेस संजीवय्या उद्यान. पश्चिमेच्या बाजूला बहुतेक ठिकाणी दाराशी तिकीट आहे किंवा खाद्यपदार्थांची दरपत्रके आहेत. पूर्वेच्या बाजूला कठडा आहे, आणि कठड्यावर बसावयास काही पडत नाही.

खाऊगल्लीची आम्ही निंदा करणार नाही. पाण्याला लागून मोकळ्या आकाशाखाली बाके मांडलेली, काउंटरवर पैसे द्यावेत, पदार्थ उचलून आणावा आणि दिवे पाण्यात थरथरताना पाहत खावा, ही व्यवस्था वाईट नाही. कुटुंबे येतात, मुले धावतात, कोणी कोणाला हटकत नाही. मात्र हैदराबादची जी खरी जिव्हा आहे ती येथे सापडेल असे समजू नये. दुधाला तासन् तास आटवून केलेला इराणी चहा, त्याच्यासोबतचे खारट-गोड उस्मानिया बिस्कीट, रमजानच्या दिवसांत गहू आणि मांस घोटून घोटून एकजीव केलेले हलीम, ज्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले; या गोष्टी शहराच्या जुन्या गल्ल्यांत आणि चौकांत राहतात. त्यांना काठाची गरज नाही. काठावर येऊन बसलेले पदार्थ कोणत्याही शहराच्या काठावर असतात तेच.

बंधाऱ्यावर मात्र निराळे दृश्य. निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाला लिंबाची फोड आणि तिखटमीठ चोळून देणारा, मिरचीची भजी तळणारा, फुगेवाला, आणि कठड्याला टेकून पाण्याकडे तोंड करून बसलेली शेकडो माणसे. आमच्या शेजारी एक कुटुंब डबा उघडून बसले होते. त्यांनी त्या संध्याकाळी तळ्याकाठी एक पैसा खर्च केला असेल असे वाटत नाही. पर्यटनखात्याच्या हिशेबात अशा कुटुंबाला रकाना नसतो.

नेकलेस रोडचे नाव २०२१ साली बदलून पी. व्ही. नरसिंह राव मार्ग असे ठेवण्यात आले. रामटेकमधून लोकसभेवर निवडून आलेल्या या तेलुगू पुढाऱ्याने हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचे तेलुगूत भाषांतर केले होते, हे तेथे नूडल्स खाणाऱ्या तरुणांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. कादंबरीचे नाव मात्र त्या रस्त्यावर उभे राहिले की वारंवार आठवते. कारण वारा पाण्यावरून आला तर नाकाला रुमाल लावावा लागतो.

येथे खरे दुखणे आहे. कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बालकापूर या चार नाल्यांवाटे शहराचे सांडपाणी या तळ्यात उतरते. त्यांपैकी कुकटपल्लीच्या नाल्याने औद्योगिक वसाहतींतील रसायनेही वर्षानुवर्षे आणली. जे पाणी एके काळी लोक पीत होते, त्यात हात बुडविण्याचे धैर्य आज होत नाही. शुद्धीकरणाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००६ पासून जपानी कर्जाच्या साहाय्याने मोठी योजना हाती घेण्यात आली, गाळ काढला, सांडपाणी वळविले, शुद्धीकरण केंद्रे बांधली. तरीही उन्हाळ्यात दुर्गंधीच्या तक्रारी येतच राहिल्या. काठ सजविण्यास जो उत्साह आणि जी गती दिसते, ती पाण्याच्या बाबतीत दिसत नाही. सजावटीचे उद्घाटन करता येते. नाला वळविल्याची फीत कोठे कापावयाची?

आणि यात आपण हिंदू समाजानेही स्वतःकडे पाहावयास हवे. खैरताबादचा गणपती १९५४ साली एका फुटाच्या मूर्तीने सुरू झाला. वर्षावर्षाला वाढत २०२४ साली तो सत्तर फुटांवर गेला. त्याच्यासह असंख्य मूर्ती हुसेन सागरात विसर्जित होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना तेथे बंदी करण्याचा आदेश तेलंगण उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला ऐनवेळी त्या एका वर्षापुरती सवलत द्यावी लागली. विसर्जनानंतर यंत्रे लावून लोखंडी सांगाडे वर काढले जातात. चिकणमातीच्या घरगुती मूर्तीची आपल्या चवथीची परंपरा येथे आठवल्यावाचून राहत नाही. लहान मूर्तीने भक्ती उणावते असे आमच्या पूर्वजांना कधी वाटले नाही.

तळ्याच्या मध्यभागी बुद्ध उभे आहेत. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. रायगिरीच्या एकसंध शिळेतून गणपती स्थपती आणि त्यांच्या कारागिरांनी सुमारे अठरा मीटर उंचीची मूर्ती घडविली. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना ती कलंडली आणि पाण्यात गेली. तिच्याबरोबर काम करणारी माणसेही गेली. जवळजवळ दोन वर्षे बुद्ध तळाशी गाळात निजले होते. १ डिसेंबर १९९२ रोजी त्यांची स्थापना झाली. आज लुंबिनी उद्यानाच्या धक्क्यावरून बोटीने पाच-दहा मिनिटांत तेथे जाता येते. बोटीत छायाचित्रे काढण्याची झुंबड असते. बुडालेल्या कामगारांचा उल्लेख बोटीवर आम्हांला ऐकू आला नाही.

त्याच लुंबिनी उद्यानात २५ ऑगस्ट २००७ रोजी, प्रकाशकिरणांचा खेळ पाहावयास लोक बसले असताना बाँबस्फोट झाला. दुसरा स्फोट कोटीतील गोकुळ चाट भांडारात झाला. दोन्ही मिळून बेचाळीस माणसे गेली. आततायींनी कोणती ठिकाणे निवडली हे पाहण्यासारखे आहे. एक स्वस्त तिकिटाची बाग आणि एक चाटचे दुकान. सामान्य माणूस दिवसाचे ओझे उतरवून जेथे निर्धास्तपणे बसतो, तीच ही ठिकाणे. त्यानंतरही लोक तळ्याकाठी येणे थांबले नाहीत. या गोष्टीबद्दल त्या शहराचे कौतुक करावे तितके थोडे.

काठाचा उपयोग कसा करावा याविषयी त्या शहराने अलीकडच्या काळात दोन प्रयोग केले. २०२१ साली रविवारच्या संध्याकाळी टँक बंडवरील वाहने बंद करून रस्ता पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आला. हस्तकलेची दुकाने लागली, पोलिसांचा बँड वाजला, आणि मुलांनी चार मार्गिकांच्या डांबरी रस्त्यावर चेंडू खेळून घेतला. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच तळ्याच्या काठाने विजेवर धावणाऱ्या मोटारींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. त्यासाठी रस्ते अडविले गेले, कुंपणे उभी राहिली आणि काठ तिकीटधारकांचा झाला. पुढच्या वर्षीची शर्यत सरकार बदलल्यावर रद्द झाली. दोन्ही वेळी रस्ता बंदच होता. कोणासाठी बंद, एवढाच फरक.

शहराची रात्र आता या तळ्यापासूनही सरकू लागली आहे. पश्चिमेकडे दुर्गम चेरुवू नावाचे दुसरे तळे आहे. गोवळकोंड्याच्या किल्ल्याला तेथून पाणी जात असे, असे सांगतात. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर तारांनी तोललेला पूल झाला, रंगीत दिवे लागले, मोठी व्यापारसंकुले आणि उपाहारगृहे भोवती उभी राहिली. तरुण वर्ग तिकडे वळला आहे. पेठ जुनी झाली की ती दुसऱ्या पाण्याकडे जाते. जुन्या काठाला मागे उरतात ते नाले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. पणजीत दयानंद बांदोडकर मार्गावर सूर्यास्ताच्या वेळी उभे राहिले असता मांडवीवर काय दिसते, ते वाचक रोज पाहतात. २०२० साली सरकारने गोमंतकीयांना या कॅसिनोंत जाण्यास बंदी केली. त्या दारातून आत जाण्याची आम्हांला हौस नाही. परंतु आपल्याच नदीच्या पात्रात आपल्याच लोकांना कायद्याने वर्ज्य अशी जागा निर्माण करावी लागते, यावरून तो व्यवसाय कसला आहे याची सरकारलाही कल्पना आहे, असे म्हणावयास हरकत नसावी. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाने नदीचा प्रवाहच वळविण्याचा उद्योग केला, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये स्पष्ट सांगितले की, नद्यांसारखी निसर्गसंपत्ती सरकारकडे विश्वस्त म्हणून असते. विश्वस्ताने मालकाला अंगणाबाहेर उभे करून पाहुण्याला ओसरी भाड्याने द्यावयाची नसते.

पाण्याकाठी उपाहारगृहे नकोत, दुकाने नकोत, दिवे नकोत, असे आमचे म्हणणे नाही. रोजगार लागतो, महसूल लागतो, आणि तरुणांना रात्री दहा वाजता घरी जाऊन झोपा असे सांगणारे वृत्तपत्र कोणी वाचणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, परवाना देताना पहिली अट त्या पाण्याची असावी. तेथून मिळणाऱ्या पैशाचा पहिला वाटा त्याच पाण्याच्या शुद्धीकरणाला जावा. आणि काठ अखंड, मोकळा, बिनतिकिटाचा राहावा. हैदराबादला हे उलट्या क्रमाने शिकावे लागत आहे, आणि ते फार महाग पडत आहे.

पणजीच्या धक्क्यापासून मिरामारपर्यंत नदीच्या कडेने चालत जाऊ पाहणाऱ्या माणसाला आज किती ठिकाणी काठ सोडून रस्त्यावर उतरावे लागते, हे संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांनी एकदा स्वतः चालून पाहावे. शनिवारी निघावे आणि संध्याकाळी सातनंतर निघावे. एरवी मोटारींची गर्दी तितकी नसते.