पिवळ्या कागदावरचे निळे ठिपके

गेल्या हंगामात निफाडकडच्या एका द्राक्षबागेत भर दुपारी औषध फवारणारा ब्लोअर चालू होता. बागायतदार काका खुशीत होते. "धुकं बघा कसं पडतंय! एवढं बारीक पंचक्रोशीत कुणाचं पडत नाही." उन्हाकडे तोंड करून पाहिलं, तर त्या धुक्याची कड वेलीच्या वर हातभर जाऊन चक्क विरत होती. पानांना आम्ही आधीच पिवळे कागद टाचून ठेवले होते. पाणी लागलं की हा कागद निळा होतो. ब्लोअरच्या तोंडासमोरच्या कागदांवर निळा चिखल, आणि शेंड्याकडच्या कागदांवर बोटांवर मोजावेत इतके ठिपके. "मग औषध गेलं कुठं?" काकांचा चेहरा उतरला.

हा प्रश्न शास्त्रज्ञ दीडशेहून अधिक वर्षं वेगवेगळ्या कारणांनी विचारताहेत. हवेतून पडणाऱ्या बारीक गोळ्याला किती अडथळा होतो, हे स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलं. थेंबाभोवतीची वाफ हवेत कशी पसरते, याचं गणित मॅक्सवेलने १८७७ मध्ये दिलं. पाण्याची धार तुटून तिचे थेंब का होतात, ते त्याच सुमारास रॅलेने सोडवलं. मिलिकनला तर थेंबांनी चांगलंच छळलं. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजायला घेतलेले पाण्याचे थेंब डोळ्यांदेखत सुकू लागले, म्हणून त्याने तेलाचे थेंब घेतले. तो प्रयोग आज तेलाच्याच नावाने ओळखला जातो.

एकट्या थेंबाचा हिशेब तसा सरळ आहे. थेंब सुकू लागला की माठासारखा गार होतो आणि मग त्याच्या व्यासाचा वर्ग ठरावीक गतीने घटत जातो. म्हणजे व्यास निम्मा केला, तर आयुष्य पावपट. पडण्याचा वेगही साधारण पावपट. दोन्हींचा गुणाकार केला की सुकण्याआधी थेंब किती खाली येतो ते कळतं: सोळावा हिस्सा! कोरड्या आणि ओल्या तापमापकांत १० अंशांचा फरक असेल, तर १०० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब १२-१३ सेकंद टिकतो आणि स्थिर हवेत दीड-पावणेदोन मीटर उतरतो. ५० मायक्रॉनचा तीनेक सेकंदांत संपतो, तोही वीतभरसुद्धा न उतरता. काकांच्या 'बारीक धुक्या'चं रहस्य इथे आहे. पाणी उडून जातं, औषधाचा कण मागे उरतो आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातो.

मग थेंब मोठेच का पाडू नयेत? कारण ४०० मायक्रॉनच्या एका थेंबाच्या पाण्यात १०० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात. मोठा थेंब पानावर आपटून घरंगळतो आणि पानाची पाठ कोरडीच राहते. द्राक्षावरच्या 'डाऊनी' रोगाची बुरशी तर नेमकी पानाच्या पाठीवर वाढते.

हार्वर्डच्या विल्यम वेल्सने १९३४ मध्ये पडणं आणि सुकणं ही शर्यत एकाच आलेखावर मांडली. त्याला काळजी खोकल्यातल्या थेंबांची होती. आलेख सुरेख आहे, पण त्यातला प्रत्येक थेंब एकटा आहे. खोकल्यात काय किंवा फवाऱ्यात काय, थेंब झुंडीने निघतो. झुंडीच्या पोटात हवा आधीच दमट होते, म्हणून आतले थेंब तग धरतात आणि कडेचे मरतात. करोनाच्या काळात भौतिकशास्त्रज्ञ डेटलेफ लोहसे आणि सहकाऱ्यांनी संगणकावर अख्खा खोकला उभा केला, तेव्हा १० मायक्रॉनचे थेंब वेल्सच्या हिशेबापेक्षा ३० पटींहून अधिक काळ टिकलेले दिसले. द्राक्षबागेत विरणारी कड आम्ही पाहिली, तीही अशाच झुंडीची.

झुंडीचं गणित रेटलं ते इंजिनवाल्यांनी, कारण डिझेलही सिलिंडरमध्ये फवारूनच सोडतात. २० मिलिग्रॅम डिझेलचे २० मायक्रॉनचे थेंब पाडले, तर ते पन्नास लाखांच्या वर भरतात. प्रत्येकाच्या मागे संगणक कुठवर धावणार? म्हणून सारख्या थेंबांचं गाठोडं बांधायचं आणि गाठोड्यालाच एक थेंब मानून हाकायचं. थेंब हवेला ढकलतो, हवा थेंबाला, आणि थेंबाची वाफ हवेत जमा होते. ही देवाणघेवाण क्रो, शर्मा आणि स्टॉक यांनी १९७७ मध्ये पद्धतशीर बसवली. पुढे लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतून 'किवा' हा प्रोग्राम आला. प्वेब्लो लोकांच्या, छतातून आत उतरायच्या गोल भूमिगत खोलीला किवा म्हणतात. सिलिंडरही वरूनच भरतो, म्हणून हे नाव.

माझ्या मते या शास्त्राचं दुखणं नोझलच्या तोंडाशी आहे. थेंब जन्माला आल्यावर त्याचं काय होतं, ते आपण बऱ्यापैकी सांगू शकतो. जन्मताना तो केवढा असेल, तिथे गाडी अडते. रॅलेची धार संथ होती. ब्लोअरच्या झोताने फाटणारा द्रवाचा पापुद्रा फार बेशिस्त. मग प्रयोगाशी आकडे जुळेपर्यंत स्थिरांकांचे कान पिळले जातात आणि शोधनिबंधातला आलेख देखणा दिसतो. नोझल बदललं की पुन्हा कानपिळी. शिवाय एकाच नोझलमधून ३० मायक्रॉनचे थेंबही निघतात आणि ३०० चेही. 'सरासरी १५० मायक्रॉन' हा आकडा ऐकून बागायतदाराने हुरळून जाऊ नये.

यंदा गोडी छाटणीनंतर ब्लोअर बाहेर काढाल, तेव्हा दोन फेऱ्या मारून पाहा, एक सकाळी लवकर आणि एक दुपारी दोनला. टाकीत नुसतं पाणी भरा आणि दर वेळी चार पिवळे कागद शेंड्याच्या पानांच्या पाठीला टाचायला विसरू नका.